मालक हयात, पण सही कोणाची?

व्यापारी माणूस मृत्यूनंतरची तजवीज थोडीफार करून ठेवतो. बँकेत वारसाचे नाव लावतो, कोणी वसीयत लिहितो, कोणी मुलांना उधारीची वही समजावून सांगतो. पण माणूस हयात आहे आणि तरीही सही करू शकत नाही, अशा अवस्थेची तजवीज आपल्यापैकी फारच थोडे करतात. पक्षाघाताचा झटका येतो, अपघातात डोक्याला मार लागतो, वय झाल्यावर विस्मरणाचा आजार जडतो, आणि चालता धंदा एका दिवसात थांबतो.

समजा, एका गृहस्थाचा स्वतःच्या एकट्याच्या नावावर कापडाचा धंदा आहे. बारा यंत्रमाग आहेत, बाजारात एक गाळा आहे, बँकेत चालू खाते आहे. गृहस्थ बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहेत. सूतवाल्याचे देणे आहे, कामगारांचा पगार आहे, वीजबिल आहे, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे, आणि रुग्णालयाचे बिल रोज वाढते आहे. खात्यात पैसा आहे, पण काढता येत नाही. मोठा मुलगा बँकेत जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की, "तुमच्या वडिलांची सही आणा, नाहीतर कोर्टाचा आदेश आणा." मुलाला राग येतो. पण बँकेचे म्हणणे कायद्याला धरून आहे. उद्या हेच खाते दुसऱ्या कोणी रिकामे केले, तर हाच मुलगा बँकेला जाब विचारील.

मी वकील नाही, कापडाचा व्यापारी आहे. बाजारात असे प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे या विषयाची माहिती करून घेतली. सज्ञान माणसासाठी पालक कसा नेमतात, त्याला विरोध कसा करतात आणि ती नेमणूक संपते कशी, हे वाचकांपुढे ठेवतो. प्रत्यक्ष कागद करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

चार गैरसमज

पहिला गैरसमज असा की, बाप आजारी पडला तर मोठा मुलगा आपोआप मुखत्यार होतो. तसे काही नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक माणूस कायद्याने स्वतःचा धनी असतो. त्याच्या मिळकतीवर त्याच्या हयातीत मुलाचा, बायकोचा किंवा भावाचा सही करण्याचा हक्क नात्यामुळे निर्माण होत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. मोठ्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही.

दुसरा गैरसमज नामनिर्देशनाचा, म्हणजे ज्याला आपण नॉमिनी म्हणतो त्याचा. नॉमिनीला खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे मिळतात. खातेदार हयात असेपर्यंत त्या नावाचा काही उपयोग होत नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत महागात पडतो. तो म्हणजे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काळजी मिटली. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ सांगते की, मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, तर मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज लागते, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंड-अमेरिकेत माणूस असमर्थ झाल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे तशी सोय नाही. मात्र त्याच कायद्याचे कलम २०९ लक्षात ठेवावे. मालकाची बुद्धी गेली म्हणून मुखत्याराने हात झटकून मोकळे व्हायचे नाही. त्याच्या हाती सोपवलेला माल आणि हितसंबंध सुरक्षित राहण्यासाठी वाजवी ती सर्व पावले त्याने उचललीच पाहिजेत.

चौथा गैरसमज असा की, ज्याला मानसिक आजार आहे त्याला व्यवहाराचा हक्कच नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून तो माणूस विकल बुद्धीचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, एरवी भान नसलेला माणूसही ज्या काळात भानावर असतो त्या काळात करार करू शकतो. ही बाब पुढे विरोधाच्या वेळी कामाला येते.

कोर्टाआधी काय पाहावे

सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा : हात निकामी आहे की भान? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हात चालत नाही, पण माणसाला सर्व समजते, अशा वेळी पालक नेमण्याची गरज नाही. आजारी, वृद्ध आणि असमर्थ खातेदारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल तर खूण चालते, पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे खातेदाराने सांगायचे. शाखेत या सूचना माहीत नसतील, तर व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

मुखत्यारपत्राचेही तसेच. भान शाबूत असेल, तर अंथरुणावरचा माणूसही ते करून देऊ शकतो. नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे शारीरिक व्याधीमुळे कचेरीत येऊ न शकणाऱ्याच्या घरी दुय्यम निबंधक येऊ शकतो. डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा दाखला घ्यावा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवणार नाही.

धंदा भागीदारीचा असेल आणि दुसऱ्या भागीदाराची सही चालत असेल, तर पेढी थांबत नाही. खाते "दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला" अशा प्रकारचे असेल, तर घरखर्चही थांबत नाही. एक दिलासा आणखी आहे. करार कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे, करार करण्यास असमर्थ असलेल्या माणसाला त्याच्या राहणीला साजेशा गरजेच्या वस्तू कोणी पुरवल्या, तर पुरवणाऱ्याला त्या माणसाच्या मिळकतीतून पैसे वसूल करता येतात.

पण भानच नसेल, आणि मिळकत किंवा खाते एकट्याच्या नावावर असेल, तर मग न्यायालयाची पायरी चढावी लागते.

कायद्याच्या तीन वाटा

पूर्वी हा मार्ग सरळ होता. १९१२ चा कायदा आणि त्यानंतर १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा, या दोन्हींत जिल्हा न्यायालयाने चौकशी करून मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या अधिनियमाने १९८७ चा कायदा रद्द झाला. हा नवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात उपचारासाठी "नामनिर्देशित प्रतिनिधी" आहे, पण मिळकतीसाठी व्यवस्थापक नाही. म्हणून आज मार्ग तीन ठिकाणी विभागला आहे.

पहिली वाट राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ ची. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी ती आहे. ज्या आई-बापांचे असे मूल अठरा वर्षांचे झाले, त्यांची पालक म्हणून असलेली नैसर्गिक सत्ता संपते, हे बहुतेकांना माहीत नसते. अशा वेळी जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामापुरती आहे, हे समिती पाहते. येथे कोर्टाचा खर्च नाही.

दुसरी वाट दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ची. त्याच्या यादीत एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे. मानसिक आजार, पार्किन्सन, दीर्घकालीन मज्जाविकार यांचा तीत समावेश आहे. कलम १४ प्रमाणे जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने नेमलेले प्राधिकरण "मर्यादित पालक" देऊ शकते. मर्यादित म्हणजे ठराविक मुदतीपुरता आणि ठराविक निर्णयापुरता. पालकाने त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच निर्णय घ्यायचा आणि तिच्या इच्छेप्रमाणे वागायचे. सर्वच बाबतींत मदत द्यावी लागली किंवा पुन्हा पुन्हा पालक नेमावा लागला, तर त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे, असे कायदा सांगतो.

तिसरी वाट उच्च न्यायालयाची. बेशुद्धावस्थेतील माणसाशी सल्लामसलत कशी करणार? त्याच्यासाठी कोणत्याच कायद्यात नेमकी तरतूद नाही. म्हणून घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट अर्ज करतात. ज्याला कोणी वाली नाही त्याचे न्यायालय वाली, या जुन्या तत्त्वावर न्यायालय आदेश देते. मुंबई उच्च न्यायालयाला तर १८६५ च्या सनदेतील कलम १७ प्रमाणेही असा अधिकार आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निश्चेष्ट पडलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमले आणि तिच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवले. विस्मरणाच्या रुग्णांसाठीही असे आदेश झाले आहेत.

अर्ज कसा चालतो

फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बेशुद्ध रुग्णांच्या पालकत्वाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर उच्च न्यायालयांनीही त्यांचा आधार घेतला आहे. त्यांचा सारांश असा :

१) रुग्णाच्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीची यादी अर्जात द्यावी.

२) रुग्णाची तपासणी वैद्यकीय मंडळाने करावी. त्यात मज्जाविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. केवळ घरच्या डॉक्टरांचा दाखला पुरत नाही.

३) तहसीलदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याने घरी भेट देऊन नातेवाईक कोण, आर्थिक स्थिती काय, याचा अहवाल द्यावा.

४) अर्जदार पती, पत्नी किंवा मुले असे जवळचे नातेवाईक असावेत. कोणीच नसेल तर समाजकल्याण अधिकाऱ्यासारख्या सरकारी अधिकाऱ्याला नेमता येते.

५) नेमणूक ठराविक मिळकती आणि ठराविक खात्यांपुरतीच असावी. त्यांची नावे आदेशात लिहिलेली असावीत.

६) पालकाने दर सहा महिन्यांनी जमाखर्चाचा अहवाल पावत्यांसह न्यायालयाच्या निबंधकांकडे द्यावा.

७) पालकाने गैरवापर केला किंवा रुग्णाची काळजी घेतली नाही, तर त्याला काढून दुसरा नेमता येतो.

सर्व वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे अर्जासोबत असतील, तर काम लवकर होते. एखाद्या बहिणीचे किंवा सासरी गेलेल्या मुलीचे नाव वगळून अर्ज केला, तर तो पुढे हमखास अडतो. वगळणे हेच मग अर्जदाराच्या नियतीविरुद्ध पुरावा ठरते.

पालक हा मालक नव्हे

हा लेखाचा गाभा आहे. पालकाला मिळते ती चावी. गादी आजारी माणसाचीच राहते. माल त्याचा, नफा त्याचा, आणि बरा होऊन उठला तर हिशोब मागण्याचा हक्कही त्याचाच.

म्हणून पालकाने रुग्णाचे खाते आणि स्वतःचे खाते कधी एकत्र करू नये. रुग्णाच्या पैशातून स्वतःच्या नावावर गाळा घेऊ नये, स्वतःच्या धंद्याला उसने घेऊ नये. स्थावर मिळकत विकायची असेल, तर आदेशात तशी परवानगी आहे का हे पाहावे. नसेल तर न्यायालयाकडे आधी मागावी. मे २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीच्या उपचारासाठी पत्नीला पालक नेमून मिळकत विकण्याची परवानगी दिली, पण विक्रीतून ५० लाख रुपये पतीच्या नावावर मुदत ठेवीत ठेवण्याची अट घातली. पैसा ज्याचा, त्याच्या नावावर राहिला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

राष्ट्रीय न्यास अधिनियमात तर हिशोबाच्या मुदतीही लिहिलेल्या आहेत. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत मिळकतीची, येणे-देण्याची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत जमाखर्च सादर करायचा.

हिबाबद्दलही दोन शब्द लिहिणे जरूर आहे. आपल्यात तोंडी हिबा चालतो. त्यासाठी देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी लागतात. पण देणारा शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असला पाहिजे, ही पहिली अट आहे. बेशुद्ध बापाचा अंगठा कागदावर उठवून केलेला हिबा टिकत नाही. मर्जुल-मौत म्हणजे मृत्यूच्या आजारात दिलेला हिबा कर्ज व दफनखर्च वजा जाता एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकतीला लागू होत नाही, आणि वारसाला दिलेला असेल तर इतर वारसांची संमती लागते. आणि पालकाला तर रुग्णाची मिळकत कोणाला हिबा करून देण्याचा अधिकारच नसतो.

विरोध कसा करावा

आता दुसरी बाजू. प्रत्येक अर्ज रुग्णाच्या भल्यासाठीच असतो असे नाही. कधी बाप थोडा विसराळू झालेला असतो, पण गाळा विकायला तयार नसतो. मग "त्यांचे डोके चालत नाही" असे सांगून अर्ज केला जातो. कधी एक भाऊ दुसऱ्यांना न कळवता आदेश आणतो. अशा वेळी गप्प बसणे म्हणजे संमती देणे.

ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे, त्याने स्वतः काय करावे? शक्य असेल तर न्यायालयापुढे प्रत्यक्ष हजर व्हावे. न्यायाधीशांनी चार प्रश्न विचारले आणि त्याने नीट उत्तरे दिली, तर दहा दाखल्यांपेक्षा त्याचे वजन अधिक. स्वतंत्र वैद्यकीय मंडळाकडून तपासणीची मागणी करावी. आपण अजूनही काय काय करतो, याचे पुरावे द्यावेत : स्वतः लिहिलेली रोकडवही, बँकेचे व्यवहार, मालाचे सौदे. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यावा.

दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम १३ येथे मोठे हत्यार आहे. दिव्यांग व्यक्तीला मिळकत बाळगण्याचा, वारसा घेण्याचा आणि पैशाचे व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ एखाद्या व्यवहारात असेल, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावे, असे कायदा म्हणतो. मदत घेणारी व्यक्ती ती व्यवस्था बदलू किंवा मोडूही शकते.

वारसांनी काय करावे? नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत घ्यावी. सरसकट "आमचा विरोध आहे" असे लिहून भागत नाही. नेमके लिहावे : अमुक गाळ्याचा उल्लेख यादीत नाही, अमुक खात्यातून अमुक तारखेला पैसे गेले, अर्जदाराचे रुग्णाकडे अमुक देणे आहे. पालकाची गरजच खरी असेल, तर उगाच अडवू नये. त्याऐवजी अटी मागाव्यात : दोघांची संयुक्त नेमणूक, ठराविक खात्यापुरता आदेश, विक्रीस बंदी, दर सहा महिन्यांनी हिशोबाची प्रत सर्व वारसांना. न्यायालयाला अशी मागणी पटते, कारण तीत रुग्णाचे हित दिसते.

आदेश झाल्यानंतरही दरवाजे बंद होत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात कलम १७ आहे. पालक त्या व्यक्तीला छळतो, तिच्याकडे दुर्लक्ष करतो किंवा तिची मिळकत खातो असे दिसले, तर आई-बाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. दिव्यांग अधिनियमाखाली प्राधिकरणाने नेमणूक केली असेल, तर कलम १४ प्रमाणे अपिलाची सोय आहे. उच्च न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याच न्यायालयात पालक बदलण्याचा किंवा हिशोब तपासण्याचा अर्ज करता येतो. तेथे दाद लागली नाही, तर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीने जाता येते.

पालकत्व संपते कसे

पालकत्व चार प्रकारे संपते. मुदत किंवा काम संपल्यावर, पालकाला काढल्यावर किंवा त्याचा मृत्यू झाल्यावर, रुग्ण बरा झाल्यावर, आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर.

रुग्ण बरा झाला, तर त्याने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी त्याच न्यायालयात अर्ज करावा. सोबत वैद्यकीय मंडळाचा ताजा अहवाल जोडावा. आदेश रद्द झाल्याची प्रमाणित प्रत बँकेला, पतसंस्थेला, जीएसटी कार्यालयाला आणि भागीदारांना लेखी पोच घेऊन द्यावी. नुसता घरात निरोप पुरत नाही. बँकेच्या नोंदीत जोपर्यंत पालकाचे नाव आहे, तोपर्यंत सही त्याचीच चालणार. पालकाने शेवटचा हिशोब, किल्ल्या, धनादेश-पुस्तके, गाळ्याची कागदपत्रे यादी करून परत द्यावीत आणि दोन साक्षीदारांसमोर सही घ्यावी. यात पालकाचेही संरक्षण आहे.

रुग्णाचा मृत्यू झाला, तर पालकाचा अधिकार त्याच क्षणी संपतो. त्यानंतर त्याने खात्यातून काढलेला एक रुपयाही वारसांच्या हिश्श्याचा आहे. तेथून पुढे कफन-दफनाचा खर्च, कर्ज, वसीयत आणि वारसा यांचा क्रम सुरू होतो.

अमेरिकेतला एक धडा

सज्ञान माणसावर पालक नेमण्याचा कायदा ज्या देशांत फार वापरला जातो, त्यांत अमेरिका आहे. कॅलिफोर्निया राज्यात त्याला कॉन्झर्वेटरशिप म्हणतात. तेथील व्यवस्था कागदावर आपल्यापेक्षा भक्कम आहे. न्यायालयाचा तपासनीस स्वतः जाऊन त्या माणसाला भेटतो, त्याला वकील मिळण्याचा हक्क असतो, तो ज्यूरीपुढे खटला मागू शकतो, आणि ठराविक काळाने प्रकरणाची तपासणी होते.

तरीही गायिका ब्रिटनी स्पिअर्स हिचे प्रकरण जगभर गाजले. २००८ मध्ये तिच्यावर पालक नेमले गेले आणि तिच्या पैशाचा कारभार वडिलांच्या हाती गेला. त्या काळात ती कार्यक्रम करीत होती, गाणी काढत होती, पैसा मिळवत होती, पण स्वतःचा पैसा स्वतः खर्च करू शकत नव्हती. जून २०२१ मध्ये तिने न्यायालयापुढे स्वतः आपली कैफियत मांडली. जुलैमध्ये तिला स्वतःच्या पसंतीचा वकील नेमण्याची मुभा मिळाली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने ते पालकत्व संपवले. सुमारे तेरा वर्षे गेली. पसंतीचा वकील मिळाल्यापासून सुटका होईपर्यंत मात्र चार महिनेच लागले.

यातून आपण काय घ्यावे? कायदा कितीही चांगला असो, ज्याच्यावर पालक नेमला आहे त्याचा स्वतःचा आवाज न्यायालयापर्यंत पोहोचला नाही, तर तात्पुरती व्यवस्था कायमची होऊन बसते. सुरुवात करणे सोपे, शेवट करणे अवघड. म्हणून आदेश घेतानाच मुदत लिहून घ्यावी.

आजच करण्यासारख्या गोष्टी

१) भागीदारी पत्रात एक कलम घाला : भागीदार आजाराने असमर्थ झाला तर सही कोणाची चालेल, त्याच्या घरी दरमहा किती रक्कम जाईल, आणि किती काळानंतर त्याचा हिस्सा मोजून वेगळा होईल. असे कलम नसेल, तर भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ४४ प्रमाणे पेढी मोडण्यासाठी न्यायालयात दावा येऊ शकतो.

२) घरखर्चासाठी व उपचारासाठी किमान एक खाते पत्नी किंवा मुलाबरोबर "कोणीही एक किंवा हयात असलेला" या पद्धतीने ठेवा.

३) जीएसटीमध्ये अधिकृत सही करणारा दुसरा माणूस आत्ताच नोंदवा.

४) मिळकत, येणे, देणे, विमा आणि कागदपत्रे कोठे आहेत याची यादी करून ठेवा. पत्नी आणि मुली यांनाही ती माहीत असू द्या. केवळ मोठ्या मुलाला सांगून भागत नाही.

५) मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाप्रमाणे उपचारासाठी आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवता येतो. तो केव्हाही बदलता येतो.

६) घरात दिव्यांग मूल असेल, तर अठरावे वर्ष लागण्याआधीच स्थानिक स्तर समितीची माहिती घ्या.

आपल्या बाजारात पूर्वीपासून एक रिवाज आहे. दुसऱ्याचा माल आपल्या गोदामात ठेवला, तर त्याची वेगळी वही ठेवतात, आणि मालक परत आला की गाठोडी मोजून देतात. आजारी बापाची, भावाची, पतीची मिळकत ही अशीच अमानत आहे. जो पालक झाला त्याने वही उघडी ठेवावी. ज्यांना शंका आहे त्यांनी घराबाहेर कुजबुज करण्यापेक्षा ती वही मागावी. आणि ज्याच्या मिळकतीचा हा प्रश्न आहे, तो एक शब्द जरी बोलू शकत असेल, तर सर्वांनी आधी त्याचे ऐकावे.